व्हॅल्युएशन रिपोर्टची मागची पानं: गृहीतकं आणि मर्यादा-अटी कुणी वाचतं का?

मोजपट्टी

ऑफिसची इमारत असो, गोदाम असो की हॉटेल, व्यावसायिक मालमत्तेचा व्हॅल्युएशन रिपोर्ट हातात पडला की लोक थेट आकड्यावर उडी मारतात. पटला तर खूश, नाही पटला तर व्हॅल्युअरला फोन. मागे बारीक टायपात 'गृहीतके आणि मर्यादा-अटी' अशी काही पानं जोडलेली असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी याच धंद्यात आहे, ही पानं लिहिणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. माझं मत असं की रिपोर्ट वाचायला घ्यावा तो या पानांपासून. आकडा त्यांच्या जिवावर उभा असतो.

नेहमीची गृहीतकं साधारण अशी: मालकी निर्वेध आहे, न सांगितलेला बोजा नाही, क्लायंटने दिलेले भाडेकरार आणि खर्चाचे हिशोब खरे आहेत, नकाशातली मापं बरोबर आहेत, जमिनीखाली किंवा भिंतीआड लपलेला दोष नाही, बांधकाम आणि वापर नियमाला धरून आहे, मालमत्ता कुणीतरी जाणकार माणूस नीट सांभाळतो आहे. मर्यादा-अटींचा सूर वेगळा. रिपोर्ट फक्त अमक्या क्लायंटसाठी, अमक्या कामासाठी, अमक्या तारखेपुरता. एखादं पान सुटं काढून वापरू नये. जमीन आणि इमारत अशी केलेली किमतीची विभागणी दुसऱ्या हिशोबात उचलू नये. आधी ठरलं नसेल तर कोर्टात साक्षीला बोलावू नये.

हा मजकूर प्रत्येक रिपोर्टात जवळपास तोच असतो, आणि घोळ तिथेच होतो. ठरीव वाक्यांच्या गर्दीत एखादंच वाक्य खास तुमच्या मालमत्तेबद्दलचं असतं आणि ते नजरेतून निसटतं.

म्हणून अमेरिकेच्या 'यूस्पॅप' या मूल्यांकन मानकांनी अशी खास वाक्यं वेगळी काढली आहेत. ज्या माहितीची खात्री नाही पण त्या कामापुरती खरी धरली, आणि जी खोटी निघाली तर निष्कर्ष बदलू शकतो, ती एक्स्ट्राऑर्डिनरी असम्प्शन. जे प्रत्यक्षात तसं नाही हे व्हॅल्युअरला पक्कं ठाऊक आहे, तरी विश्लेषणापुरतं तसं धरलं, ती हायपोथेटिकल कंडिशन. दोन्ही रिपोर्टात ठळकपणे सांगाव्या लागतात, आणि त्यांचा निष्कर्षावर परिणाम झालेला असू शकतो हेही लिहावं लागतं. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांत आणि ब्रिटनच्या आरआयसीएस या व्हॅल्युअरांच्या व्यावसायिक संस्थेच्या रेड बुकमध्ये (तिच्या मानकांच्या पुस्तकात) प्रत्यक्षाहून वेगळं काही धरलं तर त्याला शब्द आहे स्पेशल असम्प्शन. आरआयसीएस त्यात आणखी एक गोष्ट घालते: बाजारातला सर्वसाधारण खरेदीदार जे धरणार नाही, ते धरलं तर तेही स्पेशल. आणि ते रिपोर्ट देण्याआधी क्लायंटशी लेखी ठरलेलं हवं.

एक उदाहरण देतो म्हणजे फरक कळेल. रिपोर्टात वाक्य आहे: 'जमीन प्रदूषणमुक्त आहे असे धरले आहे.' भूखंडाच्या इतिहासात शंका घेण्यासारखं काहीच नसेल तर हे साधं गृहीतक. तिथे पूर्वी पेट्रोल पंप होता, जमिनीखालच्या टाक्या काढल्या की नाही कुणाला माहीत नाही आणि मातीची तपासणी झालेली नाही, तर हेच वाक्य एक्स्ट्राऑर्डिनरी असम्प्शन होतं. आणि टाकी गळून इंधन मातीत उतरल्याचा तपासणी अहवाल व्हॅल्युअरच्या टेबलावर असेल, तर ती हायपोथेटिकल कंडिशन. वाक्य तिन्ही ठिकाणी एकच. वाचणाऱ्याला त्याचं वजन कळावं, एवढीच या सगळ्या वर्गवारीची धडपड आहे.

तुम्ही कुठल्याही बाजूने अशा रिपोर्टांना तोंड दिलं असेल तर लिहा.

तळमजला

कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो अर्धवट बांधलेल्या इमारतींचा. अशा प्रकल्पाला तीन वेगवेगळे आकडे असू शकतात: आज जसं आहे तसं, बांधकाम पूर्ण होईल त्या दिवशीचं, आणि भाडेकरू भरून उत्पन्न स्थिर होईल त्या दिवशीचं. अमेरिकेतल्या बँक नियामकांच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या तिन्हींचा विचार आहे: पुढच्या तारखांचे दोन आकडे गरजेप्रमाणे मागवता येतात, 'आज जसं आहे तसं' हा आकडा मात्र टाळताच येत नाही.

कर्जदार काय करतो, तर चौथाच आकडा घेऊन येतो: 'इमारत आजच्या तारखेला पूर्ण झाली आहे असे धरून'. आज ती पूर्ण नाही हे उघड दिसतंय, म्हणजे ही सरळसरळ हायपोथेटिकल कंडिशन. दोन वर्षांनंतरच्या तारखेचं मूल्य काढलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा इमारत पूर्ण झालेली असेल हे असंभव नाही, फक्त अनिश्चित आहे. काम नकाशाप्रमाणे, ठरलेल्या खर्चात आणि वेळेत होईल हे तिथलं एक्स्ट्राऑर्डिनरी असम्प्शन. कर्जमंजुरीच्या टिपणात मात्र दोन्हींच्या खाली नुसतंच 'बाजारमूल्य' लिहून येतं. टिपण करणाऱ्याने मागची पानं उघडलेली नसतात.

खांबतुळई

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. व्हॅल्युअर मंडळींवर माझा जुना राग आहे, तो इथे काढून घेतो.

रिपोर्टात एका ठिकाणी लिहिलेलं असतं 'आम्ही संरचनात्मक तपासणी केलेली नाही, झाकलेले भाग पाहिलेले नाहीत'. ठीक आहे, तुमचं काम नाही ते. पण मग दहा पानं आधी 'इमारतीची स्थिती उत्तम' हे कशाच्या आधारावर? तळघरातल्या खांबाचं काँक्रीट सुटून गज उघडे पडलेत, गंजाचे तांबूस ओघळ प्लास्टरवर उतरलेत, स्लॅबच्या खालच्या बाजूला ओल धरून पांढरे क्षार जमलेत. हे झाकलेलं नाही, टॉर्च मारला की दिसतं. ते पाहून मागच्या पानावर 'छुपे दोष नाहीत असे गृहीत' लिहिलं की जबाबदारी संपली का?

मोजपट्टी

@खांबतुळई, राग योग्य आहे. अजिबात संपत नाही. जे डोळ्यांना दिसलं ते 'छुपं' राहत नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही. गंजलेले गज दिसले तर रिपोर्टात तसं लिहायचं, इंजिनियरचा अहवाल मागायचा, आणि तो येईपर्यंत आकडा हवाच असेल तर 'दुरुस्तीचा खर्च विचारात घेतलेला नाही, अहवाल आल्यावर मूल्य बदलू शकते' हे आकड्याच्या शेजारी यायला हवं. मागच्या पानात गुपचूप नव्हे.

आंतरराष्ट्रीय मानकांत आणि रेड बुकमध्ये साध्या गृहीतकाची मर्यादाच अशी घातली आहे की वेगळी तपासणी न करता एखादी गोष्ट खरी धरणं वाजवी असलं पाहिजे. दिसलेल्या गोष्टीच्या उलट धरणं त्यात बसत नाही.

अर्धविराम

बाहेरचा माणूस म्हणून विचारतो, राग मानू नका. हे सगळं वाचून मला तरी वाटतंय की ही पानं म्हणजे पद्धतशीरपणे हात झटकणं आहे. मालकी तपासली नाही, माप घेतलं नाही, माती पाहिली नाही, करार वाचले नाहीत. मग फी कशाची घेता?

मोजपट्टी

@अर्धविराम, राग कशाला, रास्त प्रश्न आहे.

मालकी हक्क वकील तपासतो, माती पर्यावरणवाला, खांब खांबतुळईंसारखे लोक. व्हॅल्युअरने हे सगळं स्वतः करायचं म्हटलं तर त्याला ते येणार नाही आणि तुम्हाला परवडणार नाही. तेव्हा कामाची हद्द आखणं हे गैर नाही. फी असते ती या गोष्टी अशा-अशा आहेत असं धरल्यावर बाजार काय किंमत देईल हे सांगण्याची. बाजार वाचणं हे आमचं काम.

पण हद्द किती आत ओढायची यालाही मर्यादा आहे. यूस्पॅपमधला नियम असा की कामाच्या अटींनी कामाची व्याप्ती इतकी आखडता कामा नये की ज्या वापरासाठी निष्कर्ष हवा आहे त्यासाठी तो विश्वासार्हच राहणार नाही. म्हणजे भाड्यावर चालणाऱ्या इमारतीचं मूल्य काढताना 'भाडेकरार वाचलेले नाहीत' ही मर्यादा-अट टाकून मोकळं होता येत नाही. करार वाचणं हेच तिथलं मुख्य काम. मागूनही करार मिळाले नाहीत तर तसं ठळक लिहावं, किंवा काम सोडावं.

कलमकसाई

कायद्याच्या बाजूने थोडं. भारतात कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नोंदणीकृत मूल्यांकक नियमांत, नियम ८ मध्ये, रिपोर्टात काय काय हवं याची यादी आहे. त्यात मर्यादा आणि अस्वीकरणं यांनाही जागा दिली आहे, पण एका शेपटासह: व्हॅल्युअरसमोर आलेल्या मर्यादा समजावून सांगण्यापुरतीच ती असावीत, रिपोर्टाबद्दलची व्हॅल्युअरची स्वतःची जबाबदारी कमी करण्यासाठी नसावीत. @अर्धविराम, तुमचा आक्षेप नियम करणाऱ्यांच्याही डोक्यात होता तर. हा नियम कंपनी कायद्याखालच्या मूल्यांकनाला लागू आहे, सरसकट प्रत्येक बँकेच्या रिपोर्टाला नाही, पण तत्त्व म्हणून मला तो फार नेमका वाटतो.

दुसरं, इंग्लंडचा १९८९ चा स्मिथ विरुद्ध एरिक बुश हा निकाल. घर तारण ठेवून कर्ज देण्यासाठी पाहणी झाली होती. पहिल्या मजल्यावरचा चिमणीचा (धुराड्याचा) भिंतीतून पुढे आलेला भाग पूर्वी कुणीतरी काढून टाकला होता आणि माळ्यावर वरचा भाग तसाच, आधाराशिवाय उभा होता. पाहणी करणाऱ्याने वर आधार आहे का हे बघितलं नाही. सुमारे दीड वर्षाने ते सगळं खाली कोसळलं. रिपोर्टात 'आमची जबाबदारी नाही' असं स्पष्ट छापलेलं होतं, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने ते वाजवी नाही म्हणून बाजूला सारलं आणि घर घेणारीच्या बाजूने निकाल दिला.

आता व्यावसायिक मालमत्तावाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. त्याच निकालात लॉर्ड ग्रिफिथ्स यांनी औद्योगिक मालमत्ता, मोठ्या निवासी इमारती आणि फार महागडी घरं यांचा प्रश्न मुद्दाम मोकळा ठेवला. घर घेणारा साधा माणूस दुसरा रिपोर्ट विकत घेऊ शकत नाही, व्यावसायिक खरेदीदाराने तो घ्यावा अशी अपेक्षा असते. पुढे २०११ मध्ये स्कलियन विरुद्ध बँक ऑफ स्कॉटलंड या प्रकरणात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेणाऱ्याला अपील कोर्टाने हे संरक्षण दिलं नाही.

खांबतुळई

माळ्यावर चढून पाहिलं नाही! बघा, मी काय म्हणत होतो.

तळमजला

भाडेकरारांचा मुद्दा निघालाच आहे तर आमच्याकडे घडलेलं एक प्रकरण सांगते, नावं गाळून. बहुमजली ऑफिस इमारत, भाडेकऱ्यांची यादी मालकाने दिलेली. रिपोर्टाच्या मागे एक ओळ: 'भाडे यादी क्लायंटकडून प्राप्त, स्वतंत्र पडताळणी केलेली नाही.' सगळ्यात मोठ्या भाडेकऱ्याच्या करारात मुदतीआधी सोडून जाण्याचा हक्क होता, आणि यादीत फक्त कराराची शेवटची तारीख होती.

याने किती फरक पडतो ते गोल आकड्यांत पाहा. वर्षाचं भाडं १२०, खर्च २०, निव्वळ उत्पन्न १००. कॅप रेट, म्हणजे निव्वळ उत्पन्नाला ज्या दराने भागून मूल्य काढतात तो दर, ८ टक्के धरला तर मूल्य १,२५०. आता ३० भाडं देणारा भाडेकरू गेला. भाडं ९०, खर्च मात्र जवळपास तेवढाच, २०. निव्वळ ७०, मूल्य ८७५. भाडं घटलं पाव, मूल्य घटलं ३० टक्के. त्यात खरेदीदाराने वाढलेल्या जोखमीपोटी ९ टक्के मागितले तर आकडा ७७८ च्या आसपास येतो. आमचं कर्ज १,२५० च्या हिशोबाने दिलेलं.

मोजपट्टी

@तळमजला, हिशोब बरोबर, फक्त एक दुरुस्ती. मजला कायमचा रिकामा राहणार असं धरून भांडवलीकरण (उत्पन्नावरून मूल्य काढणं) करू नये. पद्धत अशी की बाजारभावाने तो पुन्हा भाड्याने जाईल असं धरायचं आणि त्यातून रिकाम्या महिन्यांचं बुडालेलं भाडं, दलाली, नव्या भाडेकऱ्याला द्यायच्या सवलती आणि आतलं काम असा सगळा खर्च वजा करायचा. त्यामुळे घट ३७५ इतकी येईलच असं नाही. अर्थात हे सगळं गणित मांडायलाही तो हक्क करारात आहे हे आधी कळायला हवं, आणि ती पडताळणी तुमच्या रिपोर्टात झालीच नव्हती.

यावर चांगला उपाय आहे: भाडेकऱ्याकडूनच लेखी घ्यायचं की करार एवढाच आहे, भाडं एवढं देतो, अनामत एवढी आहे, मालकाशी वाद नाही, सोडून जाण्याचा हक्क आहे किंवा नाही. अमेरिकेत याला एस्टॉपेल सर्टिफिकेट म्हणतात आणि मोठ्या व्यवहारात ते सर्रास मागतात. मागायचं बँकेने किंवा खरेदीदाराने. ते हातात आलं की 'पडताळणी केलेली नाही' ही ओळ रिपोर्टातून काढताच येते. आणि हे कुणी फारसं लक्षात घेत नाही. गृहीतकं कमी करता येतात, ती रिपोर्टात कायमची कोरलेली नसतात. त्यासाठी ती मसुद्याच्या टप्प्यावर वाचावी लागतात. सही होऊन पैसे गेल्यावर नव्हे.

खांबतुळई

क्षेत्रफळाचंही तेच. 'मापे क्लायंटने पुरवलेली' असं वाक्य आलं की मी विचारतो, कुठल्या पद्धतीची मापं? भिंतीच्या आतल्या बाजूने की बाहेरून? जिने, लिफ्टचे शाफ्ट, खांब धरून की वगळून? एकाच मजल्याचे दोन प्रामाणिक माणसं दोन वेगळे आकडे देऊ शकतात. २०१४ मध्ये ऑफिस इमारतींसाठी आंतरराष्ट्रीय मोजमाप मानकं आली ती याच त्रासातून. भाड्याचा दर एका पद्धतीचा आणि क्षेत्रफळ दुसऱ्या पद्धतीचं घेतलं की गुणाकार कितीही अचूक करा, उत्तर चुकलेलंच.

तळमजला

+१. आमच्या चेकलिस्टमध्ये हे टाकते.

अर्धविराम

चांगलं गृहीतक आणि वाईट गृहीतक कसं ओळखायचं? म्हणजे माझ्यासारख्याने वाचताना?

मोजपट्टी

वाईट वाक्य कुठल्याही इमारतीला चिकटवता येतं. 'सर्व आवश्यक परवानग्या उपलब्ध आहेत असे गृहीत धरले आहे.' कुठल्या परवानग्या? कुणी पाहिल्या? त्या नसतील तर काय?

तेच चांगलं लिहिलं तर असं: 'वरच्या मजल्यावरील सभागृहाच्या अग्निसुरक्षा परवान्याची मुदत संपलेली आढळली. नूतनीकरणाचा अर्ज केल्याचे मालकाने सांगितले, अर्जाची प्रत मिळाली नाही. परवाना नूतनीकृत होईल असे धरले आहे. तो नाकारला गेल्यास सभागृहाचे उत्पन्न वगळावे लागेल, जे एकूण उत्पन्नाच्या सुमारे अमुक टक्के आहे.' काय पाहिलं, काय ऐकलं, काय धरलं आणि ते खोटं ठरल्यास कुठे फटका बसेल, हे सगळं त्यात आहे. अशी ओळ लिहिणाऱ्या व्हॅल्युअरने जागेवर जाऊन काम केलंय हे समजावं.

माझा स्वतःचा आग्रह आणखी एक पाऊल पुढे असतो: मोठं गृहीतक असेल तर ते धरून एक आणि न धरता एक असे दोन आकडे द्यावेत. सगळे सहमत नसतात. काही सहकारी म्हणतात, दोन आकडे दिले की क्लायंट मोठा उचलतो आणि दुसरं पान फाडतो.

तळमजला

फाडतात. मी दोन आकड्यांच्या विरोधात आहे. एक आकडा द्या आणि त्याच्या खाली त्याच आकाराच्या टायपात गृहीतक छापा. संवेदनशीलतेचा तक्ता (गृहीतक बदललं तर आकडा किती हलतो ते दाखवणारा) हवा तर आत जोडा, पहिल्या पानावर नको.

अवांतर: मार्च २०२० मध्ये महामारीमुळे व्यवहारच थांबले, तेव्हा आरआयसीएसच्या व्हॅल्युअरांनी रिपोर्टात 'मटेरियल अनसर्टन्टी'चा, म्हणजे मोठ्या अनिश्चिततेचा, इशारा घालायला सुरुवात केली. आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटलं की रिपोर्ट निकामी झाला. तसं नव्हतं. तुलना करायला ताजे व्यवहार नाहीत, नेहमीपेक्षा कमी खात्रीने हा आकडा धरा आणि पुन्हा लवकर तपासा, एवढंच त्यात होतं. पण तो इशारा पहिल्यांदा सगळ्यांनी वाचला, कारण तो मागच्या पानात नव्हता, आकड्याजवळ होता.

कलमकसाई

@तळमजला शी सहमत. वादात उभं राहिल्यावर कोर्ट पहिल्यांदा हेच बघतं की अट वाचणाऱ्याच्या समोर आणली होती की लपवली होती.

अर्धविराम

आता खरा प्रश्न, ज्यासाठी इतका वेळ वाचतोय. मी आणि काही मित्र मिळून एक गोदाम घेतोय. विकणाऱ्याने त्याच्या बँकेसाठी केलेला व्हॅल्युएशन रिपोर्ट दाखवला, तारीख साधारण वर्षापूर्वीची. आकडा आम्हाला पटतोय. त्यावर विसंबून पुढे जायचं का?

कलमकसाई

नाही. रिपोर्ट बँकेसाठी आहे, बँकेच्या तारणाच्या कामासाठी आहे आणि त्या तारखेचा आहे. तिन्ही गोष्टी मर्यादा-अटींत लिहिलेल्या सापडतील. आकडा चुकीचा निघाला तर त्या व्हॅल्युअरकडे बोट दाखवायला तुम्हाला फारशी जागा नाही. वर स्कलियनचा निकाल दिलाच आहे.

मोजपट्टी

कलमकसाई म्हणतात ते बरोबर. तरी तो रिपोर्ट फेकू नका, कामाचा आहे. त्यातली गृहीतकं काढा आणि एकेक करून तुमच्या वकिलाला, इंजिनियरला, विकणाऱ्याला विचारा. गोदाम म्हणजे जमिनीचा पूर्वीचा वापर आधी तपासा: तिथे रसायनं, रंग, इंधन, बॅटऱ्या असं काही साठवलं होतं का. जमिनीची भारक्षमता, ट्रक वळायची जागा आणि छताचा पत्रा कशाचा आहे हेही. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि 'घातक पदार्थ नाहीत असे गृहीत' हे वाक्य तुमच्या रिपोर्टात नक्की असणार.

मग त्याच व्हॅल्युअरला गाठून विचारा की रिपोर्ट नव्या तारखेला अद्ययावत करून तुमच्या नावे देईल का, किंवा तुम्ही त्यावर विसंबू शकता असं रिलायन्स लेटर देईल का. आधीच्या क्लायंटची परवानगी लागेल, फी लागेल, आणि बहुधा तो पुन्हा जागेवर जायचं म्हणेल. जायचं म्हणाला तर चांगलं लक्षण समजा. न जाता पत्र द्यायला तयार झाला तर दुसरा व्हॅल्युअर शोधा.

अर्धविराम

छताचा पत्रा करड्या रंगाचा, नालीदार, बऱ्यापैकी जुना आहे. फोटो टाकू का?

खांबतुळई

फोटोवरून सांगता येत नाही, तुकडा लॅबमध्ये द्यावा लागतो. आणि कृपा करून स्वतः तोडू नका, तंतू हवेत उडतात. नमुना घेणारा प्रशिक्षित माणूस बोलवा, आणि सौद्याच्या बोलणीत 'निकाल येईपर्यंत इसार नाही' हे आधीच घालून ठेवा.